दुसऱ्या बाळंतपणाचा कागद सातव्या महिन्यातच तयार करा

पत्र, थोडक्यात:

"मी कागलला राहते. माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी माहेरी, चंदगड तालुक्यात, पहिल्यांदा बाळंत झाली. चौथ्या रात्रीपासून तिची झोप उडाली. पाचवीच्या दिवशी पहाटे उठून स्वतःच भांडी घासायला लागली, अखंड बोलत होती. बायका म्हणाल्या, किती चपळ आहे पोरगी! मग 'हे बाळ माझं नव्हे, दवाखान्यात बदललंय' असं सुरू झालं. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. घरच्यांनी देवरषी बघितला. एका दवाखान्यातून 'आज रविवार, मानसोपचारतज्ज्ञ नाहीत' म्हणून परत पाठवलं. नवव्या रात्री ती बाळाला घेऊन विहिरीकडे निघाली, आईने धरलं. मग अठरा दिवस दाखल होती, बाळ घरी आमच्याकडे. बरी झाली. सासरच्यांनी तीन महिन्यांत गोळ्या बंद केल्या. तेव्हापासून एकही गोळी नाही आणि ती व्यवस्थित आहे. आता पुन्हा सातवा महिना आहे. नव्या डॉक्टरीणबाईंना यातलं काहीच सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात, त्याचा उच्चारही नको. पुन्हा होईल का? बाळ तिच्यापासून काढून घेतील का?"

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी: हो, पुन्हा होऊ शकतं. एरवी हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला हा आजार होतो. एकदा होऊन गेलेल्या बाईला पुढच्या बाळंतपणात तो परतण्याची शक्यता मात्र तिघींत एक ते दोघींत एक इतकी मोठी असते. वेळेवर औषध आणि झोप यांची सोय केली की ती बरीच खाली येते. आणि ही सोय करायला तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत. मागच्या वेळी एक दिवसही नव्हता.

तिला झालं त्याला डॉक्टर पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात. जुन्या बायका बाळंतवात म्हणत, कुणी बाहेरचं म्हणत. बाळंतपणानंतर रडू येणं वेगळं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पुष्कळ जणींना येतं आणि दहा-पंधरा दिवसांत ओसरतं. बाळंतपणानंतरचं नैराश्यही वेगळं, ते सहसा आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू चढतं. हा आजार तासांच्या हिशेबाने चढतो. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही तिसऱ्या ते दहाव्या दिवसात सुरू होतो. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नाही आणि सकाळी थकवाही दिसत नाही. बोलणं वाढतं, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, चिडचिड, संशय. मग बाळाबद्दल भलत्या समजुती: बदललंय, देवाचं आहे, कुणीतरी त्याला मारणार आहे. आवाज ऐकू येतात. दिवस-वार, माणसं यांत गोंधळ होतो. आणि फसवणारी गोष्ट ही की मध्येच दोन-चार तास ती अगदी नेहमीसारखी बोलते. नेमकं त्याच वेळी डॉक्टर तपासतात आणि घरी पाठवतात.

सासुरवास, कमकुवत मन, मुलगी झाली म्हणून नाराजी, यांतलं काहीही त्याला लागत नाही. प्रसूतीनंतर शरीरातले संप्रेरकांचे मोठे उतार, झोपमोड आणि मुळातली जैविक प्रवृत्ती मिळून हा आजार उभा राहतो. बायपोलर आजाराशी, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा चढ-उताराच्या आजाराशी, त्याचं जवळचं नातं आहे. तुमच्या घराण्यात आई, मावशी, मामा, आजी यांच्यापैकी कुणाला अशी 'चढ-उतारा'ची दुखणी झाली होती का, कुणी बाळंतपणात 'बिघडली' होती का, हे आईला शांतपणे विचारून लिहून ठेवा. औषध निवडताना या माहितीचा खरोखर उपयोग होतो.

मागच्या वेळी काय चुकलं ते नीट बघू, कारण यावेळची व्यवस्था त्यातूनच ठरते.

आजार चौथ्या रात्री सुरू झाला आणि नवव्या रात्री ओळखला गेला. या पाच दिवसांत तिला पाहणारे डॉक्टर होते, पण 'झोपली का?' हा प्रश्न विचारणं कुणाचंच काम नव्हतं. सरकारी दवाखान्यातून साध्या बाळंतपणानंतर ४८ तासांनी घरी सोडतात, म्हणजे आजाराची वेळ यायच्या आत बाई दवाखान्याबाहेर. आशाताई घरी येतात त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तारखा अगदी मोक्याच्या आहेत. त्यांच्या फॉर्मवर 'आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का' असा प्रश्नही आहे. पण भेटीचा बहुतेक वेळ बाळाचं वजन आणि ताप यांत जातो, आणि आईबद्दलचं उत्तर सासू किंवा आई देऊन टाकते: 'नाही नाही, बरी आहे.' बाळंतपणाचे डॉक्टर म्हणतात हा आमचा विषय नाही. मानसोपचारवाले म्हणतात बाळंतीण आहे, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांचं पत्र आणा. या दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात बाई हरवते. लाखामागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ वाट्याला न येणाऱ्या देशात ही फट आपोआप बुजेल असं मानू नका. तुम्हालाच कागद घेऊन मध्ये उभं राहावं लागेल.

नुसत्या सलाईनवर भागवणं चूक होतं, पण तपासण्या न करता थेट 'मनाचा आजार' असा शिक्का मारणंही चूकच ठरलं असतं. बाळंतिणीचा मेंदू अचानक गोंधळला तर गर्भाशयातला जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब आणि झटके, रक्तातलं सोडियम किंवा साखर बिघडणं, थायरॉइड, आणि मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी, एवढं सगळं वगळावं लागतं. ही गुठळी आपल्याकडे बाळंतिणींत दिसते, आणि अंगातलं पाणी कमी पडणं हे तिचं एक कारण आहे. ताप, खूप डोकं दुखणं, झटका, एक बाजू लुळी पडणं, दिसायला कमी येणं, यांतलं काही असेल तर एमआरआय आणि शिरांचा एमआरव्ही लागतो. म्हणून पहिली धाव सगळे विभाग एका छताखाली असलेल्या मोठ्या रुग्णालयात घ्यायची. कोल्हापुरात त्याचा अर्थ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय), किंवा स्त्रीरोग, फिजिशियन, बालरोग आणि मानसोपचार हे चारही असलेलं एखादं खासगी रुग्णालय. 'थेट रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्या' असा सल्ला कुणी दिला तर विचारा: रक्त आणि स्कॅन कुठे करायचं? तान्हं बाळ कुठे ठेवायचं? रात्री आंबा घाटातून हिला सांभाळत कोण नेणार?

देवरषाकडे गेलेले दिवस हे वाया गेलेले दिवस. नृसिंहवाडीला जाऊन दत्ताला हात जोडा, अंबाबाईची ओटी भरा, आमची ना नाही, पण डॉक्टरांना दाखवून झाल्यावर. मारहाण, धुरी, चटके, उपाशी ठेवणं, बांधून घालणं असलं काही कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे थांबवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि तो रविवार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९४: जिवाला धोका असेल किंवा स्वतःला-दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची भीती असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कोणत्याही दवाखान्यात, ७२ तासांपर्यंत तातडीचा मानसोपचार देऊ शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाने आपल्या वतीने बोलायला नेमलेली व्यक्ती) हजर असेल तर त्याची संमती घेऊन. जवळच्या मानसोपचार केंद्रात पोहोचवणं हेही या उपचारातच येतं. म्हणजे तज्ज्ञ सुट्टीवर असले तरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तिला शांत करणारं औषध देता येतं, दाखल करून घेता येतं. हे कलम तोंडपाठ ठेवा. वाद घालायला नव्हे, 'सर, कलम ९४ खाली आजची रात्र ठेवून घ्या' इतकं म्हणायला.

आता पुढचं. तुमच्या पत्रात सगळे बोलतात, सासूबाई, आई, डॉक्टर, देवरषीसुद्धा. बहिणीचं एक वाक्य नाही. ती आज पूर्ण बरी आहे, मागचं तिला आठवत असणार, आणि यावेळी काय हवं-नको हे सांगण्याची खरी वेळ हीच आहे. तिला एकटीला घेऊन बसा. दाखल व्हावं लागलं तर कुठे, सोबत कोण, अंगावरचं दूध पाजायचं का, कुणाला कळवायचं आणि कुणाला नाही, हे तिच्याच तोंडून घ्या. कायद्याने तिला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. साध्या कागदावर लेखी आणि तिची सही किंवा अंगठा, बस्स. उद्या तिला निर्णय घेणं जमलं नाही तर डॉक्टर याच व्यक्तीशी बोलतील. तुम्ही किंवा तिचा नवरा, जो घाबरून गप्प बसणार नाही आणि मध्यरात्री फोन उचलेल तो नेमा. मान म्हणून कुणाला नेमू नका.

डॉक्टरीणबाईंना सांगायचंच. एखादीचं मागचं सिझेरियन आपण लपवत नाही, तसंच हे. सासूबाईंशी वाद न घालता त्यांना एक काम द्या, रात्री नातवाला सांभाळायचं. ते पुढे येतंच. डॉक्टरांपुढे 'मागच्या वेळी जरा त्रास झाला होता' असं मोघम बोलू नका. गरोदरपणाच्या फाईलच्या पहिल्या पानावर हा मजकूर चिकटवा:

"मागील प्रसूतीनंतर ४ थ्या दिवसापासून झोप नाही, ९ व्या दिवशी बाळासह विहिरीकडे निघाली. १८ दिवस मानसोपचार विभागात दाखल. निदान: पोस्टपार्टम सायकोसिस. पुन्हा होण्याचा धोका जास्त. झोप गेल्यास किंवा असंबद्ध बोलल्यास त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवावे. दूध बंद करण्यासाठी ब्रोमोक्रिप्टीन किंवा कॅबरगोलीन देऊ नये. लिथियम चालू असल्यास डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये."

शेवटच्या दोन ओळी का, ते समजून घ्या. दूध थांबवायच्या त्या दोन गोळ्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करतात आणि सायकोसिस चेतवू शकतात. दूध थांबवायचंच झालं तर घट्ट आधार देणारी ब्रा, थंड शेक आणि हळूहळू कमी पिळणं यावर भागवता येतं.

लिथियमचं प्रकरण जरा जास्त नीट समजून घ्यावं लागेल. हा आजार परतू नये म्हणून प्रसूती झाल्याबरोबर सुरू करायच्या औषधांत लिथियमचा अनुभव चांगला आहे. पण त्याची रक्तातली योग्य पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टर साधारण लिटरमागे ०.८ ते १.० मिलिमोल ही पातळी धरतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, आधी दिलं तर आकडा खोटा चढलेला येतो. अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही चढते, आणि सिझेरियननंतर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं. मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम लिहिलंय हे वॉर्डातल्या सिस्टरना माहीत नसेल तर ते जाणारच. पॅरासिटामॉल चालतं. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात, वर शेगडी, बंद खोली आणि दोन घोंगड्या. लिथियमवरच्या बाईला ही रीत सरळसरळ घातक आहे. एरवीही ती नकोच. तहान लागेल तेवढं पाणी द्या, तिला हवं तर कोमट. मीठही अचानक बंद करू नका. हात थरथरणं, जुलाब, उलटी, झोकांड्या, जीभ जड होणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टर गाठा. लिथियमआधी किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या लागतात, त्या आत्ताच करून ठेवा.

लिथियम दुधातून बाळापर्यंत जातं, म्हणून ते घेताना बरेच डॉक्टर वरचं दूध सुचवतात, किंवा पाजायचंच असेल तर बाळाचंही रक्त तपासत राहतात. बहिणीला अंगावर पाजायचं असेल तर ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन या सायकोसिसवरच्या गोळ्यांच्या बाजूने कल जातो. त्यात बाळ फार सुस्त होतंय का, ओढून पितंय का, वजन धरतंय का, एवढं बघायचं. मागच्या वेळी कोणत्या औषधाने ती लवकर सावरली ते बहुतेक वेळा सगळ्यांत महत्त्वाचं ठरतं, म्हणून जुनी चिठ्ठी शोधा. त्या चिठ्ठीत व्हॅल्प्रोएट असेल तर ते 'घरात उरलंय' म्हणून आता देऊ नका. गरोदरपणात त्याने सुमारे दहांत एका बाळाला जन्मजात व्यंग येतं, आणि त्याहून जास्त मुलांची वाढ व शिकणं मागे पडतं. नुसती नैराश्याची गोळी एकटी देणंही या आजारात उलटू शकतं, उन्माद चढवू शकतं. आत्तापासून औषध सुरू करायचं, की प्रसूतीच्या रात्री, हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांनी तिच्याशी बोलून घ्यायचा. पण आठव्या महिन्याच्या आत त्यांची आणि डॉक्टरीणबाईंची एकदा फोनवर का होईना गाठ पडली पाहिजे. तो फोन तुम्ही समोर बसून लावून घ्या. 'मी बोलते त्यांच्याशी' यावर उठू नका.

झोप हे या आजारातलं निम्मं औषध. रात्री दहा ते पहाटे तीन बहिणीला कुणीही उठवायचं नाही, बाळ रडलं तरी नाही. बाळ दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाजवळ. त्या वेळचं दूध आधी पिळून वाटीत काढा, झाकून ठेवलं तर साध्या तापमानाला चार तास चालतं. नाहीतर डब्यावर लिहिलेल्या मापाने पावडरचं दूध, बहुतेक डब्यांवर ३० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. एक रात्र सासूबाई, एक नवरा, एक तुम्ही, अशी पंधरा रात्रींची पाळी कॅलेंडरवर नावं घालून लिहा. त्यातली एकही रात्र तुमच्या आईच्या नावाने टाकू नका, दिवसभर बाळंतिणीचं करून ती स्वतः मोडलेली असते. झोपेची गोळी घेतलेल्या आईच्या कुशीत बाळ झोपवायचं नाही, बाळ दबू शकतं. पाचवी घरच्या घरी आटपा. बारशाचा मांडव, साउंड आणि दोनशे पानं महिनाभर पुढे गेल्याने बाळाचं नाव काही बिघडत नाही.

वहीत रोज तीन गोष्टी लिहा: किती तास झोपली, बोलणं नेहमीपेक्षा वेगाने होतं का, बाळाबद्दल काही वेगळं बोलली का. संधी असूनही एक अख्खी रात्र झोप नाही, तर त्याच सकाळी मानसोपचारतज्ज्ञांना फोन. दुसऱ्या रात्रीची वाट बघायची नाही. तिला सरळ विचारा: 'कुणाचा आवाज येतो का? बाळाबद्दल भीतीदायक विचार येतात का?' विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत.

बाळंतपण कुठे? पहिली खेप माहेरी झाली म्हणून दुसरीही तिथेच, असा हट्ट नको. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. मग ऐन वेळी गाडी बेळगावकडे वळते आणि तिची फाईल, तिचे डॉक्टर, सगळं कोल्हापुरात राहतं. प्रसूती कोल्हापुरात, आणि नंतरचे किमान पंधरा दिवस तुमच्या कागलच्या घरी, हे आम्हाला जास्त पटतं. रुग्णालयात चार-पाच दिवस ठेवून घ्यायला सांगा, मानसोपचारतज्ज्ञ तिसऱ्या दिवशी वॉर्डात येऊन बघतील असं ठरवा. आईला कागलला आणा. तिला अवघडल्यासारखं होईल, पण होऊ दे.

तरीही सुरू झालंच, तर बाळ लगेच दुसऱ्याच्या हातात द्या, पण हिसकावून नाही, 'आण, मी ढेकर काढते' म्हणून. त्यानंतर तिला बाळासोबत एक क्षणही एकटी सोडायची नाही, आणि तिलाही एकटी सोडायची नाही. 'बाळ बदललंय' यावर वाद घालू नका, होकारही देऊ नका. 'तुला भीती वाटतेय, चल डॉक्टरांना विचारू' एवढं पुरे. गच्चीचं दार, विळी-कोयता, गोठ्यातल्या कोनाड्यातली तणनाशकाची बाटली, सगळं कुलपात. १०८ ला फोन करा. स्वतःच्या गाडीने नेत असाल तर ती मागे मधल्या जागेवर, दोन्ही बाजूंना माणसं, दारांना चाइल्ड लॉक. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, गोंधळलात तर लावा, पण गाडीची वाट बघता बघता. अपघात विभागात 'जरा विचित्र वागतेय' म्हणाल तर बाकावर बसवतील. असं सांगा: 'बाळंत होऊन सहा दिवस झाले, दोन रात्री झोप नाही, बाळ बदललंय म्हणते, मागच्या वेळी याच आजाराने दाखल होती, बाळाच्या जिवाला धोका आहे.' तिथे ती नेमकी शांत बसली तर घरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फक्त डॉक्टरांना दाखवा आणि नंतर पुसून टाका. तो घरच्या ग्रुपवर गेला तर तिला आयुष्यभर पुरेल.

दाखल केल्यावर विजेचे उपचार सुचवले तर दचकू नका. या आजारात ते लवकर गुण देतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते द्यायला कायद्याने बंदी आहे, तेवढं विचारून घ्या.

बाळाचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१ म्हणतं की मानसोपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही. धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं तर करता येतं, पण दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार हवा, आणि तीस दिवसांपुढे वेगळं ठेवायला संबंधित प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रत्यक्षात आई आणि बाळ दोघांना ठेवून घेणारे विभाग देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसोपचार संस्थेत २००९ पासून असा विभाग आहे. आपल्याकडे मागाल ते बहुधा असं मिळेल: सोबतीचं माणूस, वेगळी खोली, आणि दिवसातून दोन-तीनदा कुणाच्या देखरेखीखाली बाळ मांडीवर. तेही मागितल्याशिवाय मिळत नाही. पहिले काही दिवस बाळ दूर ठेवावं लागलं तर ते तिची शिक्षा म्हणून नाही, हे तिला रोज सांगावं लागेल. बाळ तिच्याकडून कायमचं काढून घेण्याचा इथे प्रश्नच येत नाही. मागची खेप तुमच्यासमोर आहे.

बरी झाल्यावर गोळ्या साधारण नऊ महिने ते वर्षभर चालतात आणि हळूहळू कमी करतात. तीन महिन्यांत बंद करून ती सावरली ते नशीब. वजन वाढतंय, दिवसभर झोप येते, हातपाय जड झालेत, या तक्रारी खऱ्या असतात. त्यासाठी गोळी बदलून मागायची, मात्रा कमी करायला सांगायचं. सासरी परस्पर बंद होऊ नये म्हणून पुढची तारीख नवऱ्याच्या फोनवर टाका.

या आठवड्याचं काम एकच: मागच्या रुग्णालयातली केसपेपरची फाईल. दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्याकडे साधारण वर्षभर उरलंय. आपले कागद मिळण्याचा हक्क तिला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ ने दिला आहे. साध्या कागदावर तिच्या सहीने अर्ज करा: नाव, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, डिस्चार्ज कार्ड, औषधांचा तक्ता आणि रक्त तपासण्यांच्या प्रती हव्यात. मागणीनंतर ७२ तासांत द्यायचा नियम आहे. अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. प्रती हातात आल्या की एक संच डॉक्टरीणबाईंच्या फाईलमध्ये, एक मानसोपचारतज्ज्ञांकडे, आणि एक दवाखान्यात न्यायच्या पिशवीत, बाळाच्या दुपट्यांच्या वर.